शाळेंतला झाडू कोणाच्या हातीं?

(नागपूर जिल्ह्यांतील एका केंद्राच्या शिक्षण परिषदेंत प्राथमिक शिक्षकांपुढें केलेलें भाषण)



आज बोलण्यासाठीं आम्हांस जो विषय दिला आहे तो पत्रकावर 'प्राथमिक शाळेंत नागरी मूल्यें व परस्पर आदर यांचें शिक्षण' असा छापला आहे. नांव इतकें भारदस्त आहे कीं, तें वाचून आम्ही प्रथम घाबरलोंच. आम्ही खेड्यांतले मास्तर. चार वर्ग आणि दोन शिक्षक अशी आमची शाळा. एकजण ऑनलाईन माहिती भरावयास बसला कीं दुसऱ्यानें चारी वर्ग सांभाळावयाचे. अशा माणसानें मूल्यांवर काय व्याख्यान द्यावें? मग मनांत आलें कीं, बोलावयाचेंच तर झाडूविषयीं बोलावें. हंसूं नका. आम्हांस या विषयाचें जें थोडेंबहुत ज्ञान झालें तें ट्रेनिंग कॉलेजांत झालें नाहीं, शाळेच्या झाडूनें झालें.

मूल्यांचे पाठ आपल्याकडे कमी नाहींत, हें आधीं कबूल केलें पाहिजे. आपला जिल्हा तर या कामांत पुढें होता. २००५ सालीं इ. झेड. खोब्रागडे हे नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असतांना त्यांनीं जिल्ह्यांतील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचें वाचन सुरू केलें. पुढें २००८ पासून राज्य सरकारनें २६ नोव्हेंबर हा संविधान दिन ठरविला, २०१५ सालीं केंद्र सरकारनेंही तो सर्व देशासाठीं जाहीर केला, आणि २०२० च्या जानेवारीपासून महाराष्ट्रांतील शाळांत उद्देशिका रोज वाचावी असा हुकूम निघाला. म्हणजे जें नागपूरच्या खेड्यांतल्या ओट्यावर सुरू झालें तें मागाहून मुंबईस आणि दिल्लीस पोंचलें. याचा आपणांस अभिमान वाटावा. त्याशिवाय शांतिलाल मुथ्था फौंडेशननें २००९ सालीं बीड जिल्ह्यांत सुरू केलेला 'मूल्यवर्धन' कार्यक्रम आहे. त्यांत मुलांनीं जोडीनें, गटानें बसून बोलावें, एकमेकांचें ऐकावें, अशी योजना आहे व ती चांगली आहे. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर उद्देशिका आहे, प्रतिज्ञा आहे. एवढें सगळें असतां अडतें कोठें?

आतां आमच्या अपराधाची गोष्ट सांगतों. दुसऱ्याची सांगितली असती तर सोपें गेलें असतें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका २६ नोव्हेंबरला सकाळीं परिपाठांत उद्देशिका झाली. माइक हातीं घेऊन एका मुलीनें ती खणखणीत म्हटली, पोरांनीं मागून म्हटली. नंतर चवथीच्या वर्गांत आम्हीं फळ्यावर 'समता' हा शब्द लिहिला, त्याचा अर्थ सांगितला, आणि ट्रेनिंग कॉलेजांत शिकविल्याप्रमाणें विचारलें, 'आतां जेथें समता नाहीं अशा गोष्टीचें उदाहरण कोण देईल?' आमची अपेक्षा अशी कीं, मुलें आफ्रिकेचें सांगतील, नाहीं तर जुन्या काळाचें सांगतील. मागच्या ओळींतला एक पोरगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, झाडाले तं तुमी मलेच सांगता."

वर्ग हंसला नाहीं. हंसला असता तर बरें झालें असतें. सगळ्या वर्गास ती गोष्ट इतकी साहजिक वाटली कीं, हें उदाहरण म्हणून सांगण्यासारखें आहे असेंच कोणास वाटलें नाहीं. आम्हांस मात्र राग आला. आम्हीं त्यास सांगितलें, 'तूं सर्वांच्या आधीं शाळेंत येतोस म्हणून तुला सांगतों. बस खालीं.' तें खोटें नव्हतें. त्याची आई सकाळींच मजुरीला निघे, म्हणून तो सातलाच येऊन पायरीवर बसे. परंतु दुसऱ्या दिवशीं काय झालें? आम्ही शाळेंत पोंचलों तों दुसराच एक मुलगा आधीं येऊन दारांत उभा होता. कुलूप काढलें, आंत कचरा दिसला, आणि आमच्या तोंडून नांव निघालें तें त्या पहिल्या पोराचें, जो अजून आलाही नव्हता!

त्या पोराची जात आम्ही येथें सांगत नाहीं. सांगितल्याशिवायच तुम्हीं सर्वांनीं ती मनांत ओळखली आहे, आणि सगळें दुखणें तेथेंच आहे.

त्यानंतर पंधरा दिवस आम्हीं एक वही ठेवली. रोज कोणास काय काम सांगितलें तें संध्याकाळीं लिहून काढावयाचें. वही मुलांची नव्हती, आमच्या जिभेची होती. पंधरवडा भरल्यावर वाचली तेव्हां लाज वाटली. झाडू तिघांच्याच नांवावर होता. हंडा भरणें, ताटें धुणें, पाहुणे आले तर पाणी देणें हें मुलींकडे होतें. घंटा, हजेरी अधिकाऱ्यास दाखविणें, झेंड्याची दोरी धरणें आणि माइकवर उद्देशिका म्हणणें हीं कामें आणखी चारपांच जणांकडे होतीं, आणि तीं चारपांच मुलें गांवांतल्या कोणत्या घरांचीं होतीं तेंही सांगावयास नको. ज्याच्या हातीं माइक त्याच्या हातीं पंधरा दिवसांत एकदांही झाडू नाहीं; ज्याच्या हातीं झाडू त्याच्या हातीं माइक नाहीं. आम्हीं हें ठरवून केलें नव्हतें, असें शपथेवर सांगतों. पण ठरवून न करतां जें होतें तेंच मूल खरें मानतें. सकाळीं साडेदहाला आम्ही त्यास समता म्हणावयास लावतों, आणि अकरा वाजतां आमच्याच हुकुमानें ती खोडून काढतों. चवथीचें पोर एवढें न कळण्याइतकें खुळें नसतें.

येथें जोतीरावांची आठवण होते. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन दिलें त्यांत प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें, ही मागणी आहे, तशीच शिक्षकांविषयींही आहे. शक्य तों शेतकरी वर्गांतले, मुलांत मोकळेपणानें मिसळणारे, त्यांच्या गरजा जाणणारे असे शिक्षक नेमावे, असें त्यांचें म्हणणें होतें. आज या मंडपांत नजर टाका. आपणांपैकीं बहुतेकांचे आजोबा नांगर धरीत होते, कोणी चामडें कमावीत होते, कोणी विटा थापीत होते, कोणी माग चालवीत होते. जोतीरावांनीं मागितला तो मास्तर आला आहे, तो आपणच! पूर्वीं वर्गांत भेदभाव झाला तर दोष भटजी-पंतोजींवर टाकून मोकळें होतां येई. ती सोय आतां उरली नाहीं. आपल्या वर्गांत ज्या पोराच्या हातीं कायमचा झाडू आहे त्याचा जाब आपणांसच द्यावा लागणार.

आणि इतिहास कांहीं दूरचा नाहीं. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलें एका शाळेंत बसविण्याचा हुकूम काढला तो १९१९ सालीं. आपल्या नागपुरांत किसन फागूजी बनसोडे यांनीं आणि जाईबाई चौधरी यांनीं अस्पृश्य मुलींसाठीं शाळा काढल्या, कारण इतर शाळांचीं दारें त्यांना नीट उघडत नव्हतीं. या जाईबाई पूर्वीं डोक्यावर ओझीं वाहणाऱ्या मजूर होत्या. शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. १९३७ सालीं नागपुरांत अखिल भारतीय महिला परिषद भरली. तेथें मोठमोठ्या शिकलेल्या स्त्रिया होत्या, ठराव होत होते, भाषणें होत होतीं. आणि जेवणाच्या वेळीं जाईबाईंना वेगळें बसविलें गेलें. हें वाचल्यापासून आम्ही कोणत्याही परिषदेंत भाषणापेक्षां पंगत अधिक बारकाईनें पाहतों.

शाळेची पंगतही तशीच पाहिली पाहिजे. पोषण आहार सुरू झाल्यापासून रोज दुपारीं आपल्यापुढें जो वर्ग भरतो त्याएवढा नागरिकशास्त्राचा मोठा वर्ग दुसरा नाहीं. एका ओळींत बसून एका भांड्यांतली खिचडी खाणें ही गोष्ट आपल्या आजोबांच्या पिढीला स्वप्नांत दिसली नसती. पण ओळ एक असूनही तिच्यांत फटी असतात. कोण कोणाशेजारीं बसतो, मधें दप्तर कोण ठेवतो, वाढणारी बाई कोणत्या घरची आहे तें पाहून कोण 'भूक नाहीं' म्हणतो, हें पाहावें. २०२१ च्या डिसेंबरांत उत्तराखंडांत चंपावत जिल्ह्यांतल्या एका शाळेंत दलित बाईनें शिजविलेलें अन्न सवर्ण मुलांनीं नाकारलें. तिला काढून सवर्ण बाई आणली तेव्हां दलित मुलांनीं तिचें अन्न नाकारलें. हें सारें देशभर छापून आलें. पोरें कांहीं आईच्या पोटांतून हें शिकून आलीं नव्हतीं. अपमान करावयास आणि अपमानाची परतफेड करावयास मूल किती लवकर शिकतें, तें मात्र त्यांत दिसलें.

पाण्याचेंही तसेंच. जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. बाबासाहेबांना लहानपणीं शाळेंत शिपायानें नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, हें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. आज आपल्या शाळेंत कोणी कोणास नळाला हात लावूं नको म्हणत नाहीं. पण आतां प्रत्येक मूल घरून बाटली आणतें. ज्या दिवशीं एखादें मूल बाटली विसरतें त्या दिवशीं त्याला कोण पाणी देतें, आणि देतांना बाटली तोंडाला लावूं देतें कीं वरून ओंजळींत ओततें, तें बघा. आम्हीं पाहिलें आहे. त्यावर आम्हीं भाषण केलें नाहीं. आमचीच बाटली त्या पोराला दिली व त्यानंतर त्याच बाटलीनें आम्ही प्यालों. इतर पोरें डोळे मोठे करून बघत होतीं.

असो. झाडूकडे परत येतों.

आम्हीं कामाचा एक तक्ता केला. मुलांचीं पहिलीं नांवें अकारविल्हे लिहिलीं. आडनांव नाहीं, वर्ग नाहीं, मुलगा-मुलगी हा भेद नाहीं. त्यांतच आम्हां दोघां शिक्षकांचीं नांवें आपापल्या अक्षरावर घातलीं. कामें सगळीं एकाच तक्त्यावर: झाडणें, पाणी भरणें, संडासांत पाणी टाकणें, ताटें मांडणें, घंटा, हजेरी, माइक. ज्या दिवशीं आमच्या नांवासमोर झाडू आला त्या दिवशीं पोरांची मोठी तारांबळ उडाली. दोघीतिघी धांवत आल्या, "गुरुजी, द्या ना आमाले, तुमी नोका झाडू." आम्हीं दिला नाहीं. चार कोपरे झाडले, आणि झाडतांना कळलें कीं, बाकांखालीं वांकून झाडणें किती कष्टाचें आहे. आम्ही तें नऊ वर्षांच्या पोरास रोज करावयास लावीत होतों.

आठवडाभरांत गांवांतून निरोप आला. मग शाळा व्यवस्थापन समितीचे एक सभासद स्वतः आले. माणूस वाईट नाहीं. शाळेच्या रंगाला त्यांनीं पदरचे पैसे दिले होते. ते म्हणाले, "गुरुजी, पोरं शिकाले पाठवतो का झाडाले?" आम्ही म्हटलें, "भाऊ, प्रश्न अगदीं योग्य आहे. पण शाळा तर रोजच झाडली जात होती. हा प्रश्न तुम्हीं आतांच कां विचारला?" ते थोडा वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "ते चालून राहिलं होतं ना." होय, चाललें होतें. या देशांत पुष्कळ गोष्टी अशाच चाललेल्या असतात.

पुढच्या जूनमध्यें त्यांनीं आपलीं दोन्ही मुलें तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत घातलीं. पिवळी गाडी दारांत येते, मुलें टाय बांधून जातात. त्यांच्या मागें आणखी एका घरचें मूल गेलें. आमचा पट आधींच तोळामासा. तीन मुलें जाणें ही लहान गोष्ट नव्हे. वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव २०२३ सालीं मागविले गेले होते, हें तुम्हांस ठाऊक आहेच. आमच्या सहकाऱ्यांनीं स्पष्ट विचारलें, 'गुरुजी, झाडूच्या तक्त्यासाठीं शाळा घालवावयाची काय?' हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं आणि आमच्यापाशीं त्याचें पुरें उत्तरही नाहीं. आम्हीं एवढेंच केलें कीं, उन्हाळ्यांत घरोघर फिरलों, वीटभट्टीवर आलेल्या दोन कुटुंबांचीं मुलें शाळेंत आणलीं. गेलेलीं तीन मुलें परत आलीं नाहींत.

त्या पोराच्या आईचेंही ऐका. आम्हांस वाटत होतें कीं ती आशीर्वाद देईल. ती संध्याकाळीं घरीं आली आणि दारांतच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, आमच्या पोरापायी गावात वाद नोको. त्याइच्याच वावरात कामाले जा लागते मले." शाळेंतली समता आम्ही शिकवीत होतों, आणि तिची किंमत मजुरीच्या रूपानें ती देणार होती! कांहीं दिवस तिला काम सांगितलें गेलेंही नाहीं. पुढें कापूस फुटला, वेंचावयास माणसें मिळेनात, तेव्हां पुन्हा बोलावणें आलें. हें तुम्हांस मुद्दाम सांगतों, कारण या कामांत आपणां शिक्षकांचा पगार कापला जात नाहीं. ज्याचें कापलें जातें त्याला आधीं विचारावें, एवढी अक्कल आम्हांस उशीरा आली. आतां तक्ता लावण्याआधीं पालकांची बैठक घेतों आणि ती दिवसा न घेतां रात्रीं घेतों, म्हणजे मजूर बायांनाही येतां येतें.

आतां थोडें बोलण्याविषयीं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचें सतरावें कलम मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई करतें. आणि योगायोग असा कीं, संविधानाचें सतरावें कलमही अस्पृश्यता बंद करणारें आहे. छडी पुष्कळ ठिकाणीं सुटली. जीभ सुटली नाहीं. 'ए बेड्यावरच्या', 'ए काळ्या', 'तुझ्या खानदानांत कोणी शिकलें होतें कां', हें आपल्या वर्गांत अजून ऐकूं येतें. शिष्यवृत्तीचे अर्ज भरतांना 'अमक्या जातीचे उभे राहा' असें भर वर्गांत म्हणावयाचें. सरकारनें हात देण्यासाठीं जो पैसा दिला तो देतांना आपण पोराला चौघांत उभें करतों. शिक्षण सेवक म्हणून तीन हजारांवर लागलों तेव्हां आम्हींही असें केलें आहे. आतां दाखल्यांचें काम आम्ही पालकास एकटें बोलावून करतों. हजेरींतही एक सोय आली आहे. १ मे २०१४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नांवांत आईचें नांव घालण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं केला. आम्ही हजेरी घेतांना मुलाचें नांव आणि आईचें नांव एवढेंच पुकारतों, आडनांव गाळतों. आडनांवावरून जात हुंगण्याची संवय आमच्या कानांना आहे. पोरांच्या कानांना ती लागूं नये.

धर्माविषयीं विचारणा झाली म्हणून एकच गोष्ट सांगतों. जोतीरावांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या १८९१ सालच्या ग्रंथांत एका कुटुंबाची कल्पना आहे: आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्म मानणारा, आणि तरी सगळे एका घरांत प्रेमानें राहतात. ही गोष्ट आम्हीं तिसरी-चवथीला सांगितली. आम्हांस वाटलें, पोरें गोंधळतील. एक पोरगी चटकन् म्हणाली, "गुरुजी, मंग त्याइच्या घरी तं लय सण राहत असन!" परस्पर आदरावर आम्हीं पुष्कळ प्रशिक्षणें घेतलीं, पण त्यांत एवढें मोकळें वाक्य कोणा तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलें नाहीं.

झाडूवाल्या पोराचें पुढें काय झालें, असें कोणी तरी मघाशीं खुणेनें विचारलें. तक्त्याप्रमाणें त्याच्या नांवावर माइक आला. त्या दिवशीं तो आंघोळ करून, केंसाला तेल लावून आला. 'सार्वभौम' या शब्दाशीं अडखळला, पुन्हा म्हटला, पुन्हा अडखळला. पोरें थांबलीं. तिसऱ्या वेळेस त्यानें तो म्हटला आणि पुढें गेला. परिपाठ संपल्यावर आमच्यापाशीं येऊन विचारूं लागला, "गुरुजी, माही पाळी आता कधी?" आम्हीं तक्ता दाखविला. त्यानें बोटें मोजलीं आणि म्हणाला, "त्याच्या आंधी झाडू येते." आम्ही म्हटलें, "आमचाही येतो, तुझ्या दोन दिवस आधीं." तो आतां तालुक्याला माध्यमिक शाळेंत आहे.

पुढील महिन्याच्या परिषदेस येतांना प्रत्येकानें पंधरा दिवसांची आपली वही घेऊन यावी, अशी सूचना आम्ही अध्यक्षांच्या परवानगीनें मांडतों. नांवें झांकून ठेवा, कामें दाखवा. अधिकाऱ्यांना दाखविण्याचें कारण नाहीं, आपण आपसांत वाचूं.

चहा आलेला दिसतो. मागच्या तीनही परिषदांत तो शिक्षिका भगिनींनीं वांटला आणि कपबशाही त्यांनींच धुतल्या. आम्हीं मोजलें आहे. आज भगिनींनीं जागेवरून उठूं नये. ट्रे इकडे द्या.